एक लाख सात दाणे

“देवाचा दाणा बाजूला न काढताच ढीग घातलेस? आन वर तोंड करून सांगतेस, आकडा मोडला म्हणून?”

गावकर खळ्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. गावकर म्हणजे आमच्या वाडीचा प्रमुख. देवापुढचा पहिला नारळ त्याचा, शिकारीतला पहिला वाटा त्याचा, आणि ओरडायचा हक्कही पहिला त्याचाच. दिग्गी गावाकडे तोंड करून तो नुसता शिंकला तर तिकडे अणशी गावची गुरं दावी तोडून पळत. मी फुगवून सांगतो असं ज्याला वाटेल त्यानं अणशीला जाऊन गुरांना विचारावं.

त्याच्यासमोर, खळ्याच्या कडेबाहेर, अक्का उभी होती. वाडीच्या टोकाला एकट्या घरात राहणारी बाई. तिचं कूळ वेगळं, वाडीत त्या कुळाचं तेवढं एकच घर. नवरा सागवान ओढणाऱ्या गाड्यांबरोबर घाटाखाली गेला तो परत आला नव्हता, आणि त्या पावसाळ्यात सासूही गेली. त्या दिवशी सकाळीच तिचं सुतक फिटलं होतं. केस अजून ओले होते. पायाशी टोपली होती आणि टोपलीत सागाच्या पानांत बांधलेल्या बोटभर पुड्या.

“सत्त्याण्णव पुड्या हाईत,” ती म्हणाली. “एकेकीत एक हजार एकतीस दाणे. खाली एक बी उरला न्हाई.”

“उरला न्हाई कसा? देवाचा उरतोच.”

“सुतकात देवाचा दाणा कसा काढू?”

“मग ढीग घालायचे न्हवते.”

“घरात दुसरं करायला काय होतं?”

यावर गावकर माझ्याकडे वळला. मी वाडीचा मास्तर. पडवीच्या कडेला पाटी मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, कारण आमची शाळा राहणार की जाणार हे त्या एका आकड्यावर टांगलेलं होतं. एक लाख सात. हा आकडा मोडतो की मोडत नाही, एवढंच सांगायचं होतं. आणि मी काय सांगितलं ते सांगायला मला आज इतकी वर्षं झाली तरी जीभ जड होते. ज्या जिभेनं मी आयुष्यभर फक्त हलक्या गोष्टी उचलल्या, ती जीभ.

तेव्हा आधीची हकीकत आधी.

मी मूळचा खानापूरकडचा. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी, एकोत्री, सगळं मला झोपेत येत असे. माझ्या घोरण्यातून औटकीचा पाढा स्पष्ट ऐकू येतो असं लोक सांगत. म्हणजे मीच लोकांना सांगत असे. एवढ्या भांडवलावर मला मास्तर केलं आणि सुप्याच्या पलीकडच्या या रानात पाठवलं. शाळा म्हणजे गावकराची पडवी. अर्ध्या पडवीत त्याची गुरं, अर्ध्या पडवीत माझी अकरा पोरं, मध्ये एक कळकाचा आडवा बांबू. पावसाळ्यात जळवा इतक्या की आधी त्यांची हजेरी घ्यावी लागे आणि मग पोरांची. एक वाघ रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर बसून पाढे ऐके. बारापर्यंत ऐके आणि तेराचा सुरू झाला की उठून जाई. तेराचा सुरुवातीला माझ्या पोरांनाही येत नव्हता, तेव्हा एकट्या वाघाला दोष देण्यात अर्थ नाही.

पोरं मात्र चांगली होती. ही गोष्ट फुगवलेली नाही.

शाळा तपासायला दिपोटी साहेब येत. दिपोटी हा सरकारी माणूस, ज्याच्या एका ओळीनं शाळा उघडते आणि दुसऱ्या ओळीनं बंद होते. हे साहेब उन्हाळ्यात आले. बारीक, चष्मेवाले, गणिताचे शौकीन. त्यांच्या पेटीत एक जाड पुस्तक होतं, ज्यात आकडे आणि आकड्यांचे तुकडे एवढंच छापलेलं होतं. दुसरा माणूस मुक्कामाला पोथी नेतो, हे गृहस्थ ते पुस्तक नेत. त्यांनी एका पोरीला वीस आणि पंधरा मिळून किती म्हणून विचारलं. ती म्हणाली, एक वीस आणि पंधरा. आमच्या रानात मोजणी विसाविसांनीच होते. बांबू, हिरडे, पानांच्या जुड्या, सगळं विसांत. तिचं उत्तर चुकलं नव्हतं. साहेब हसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की ही माणसं विसाच्या पुढं मोजत नाहीत, यांना शाळा कशाला, मी बंद करा म्हणून लिहिणार आहे.

मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी म्हणालो, विसाच्या पुढं? साहेब, ही वाडी लाखापर्यंत मोजते. आमच्याकडे देवाला तांदळाची लाखोली वाहतात, एकेक दाणा मोजून एक लाख. आणि ते मोजणारी बाई इथंच वाडीच्या टोकाला राहते. वाडीत कुणीही नवस बोललं तरी दाणे अक्कानंच मोजायचे असा रिवाज, कारण तिच्या मोजणीत चूक निघाली असं कुणाच्या बापानं ऐकलेलं नव्हतं. इथपर्यंत सगळं खरं. मग मला चेव आला आणि मी म्हणालो, की ही वाडी लाखाच्याही पुढं मोजेल, आणि नुसतं मोजेल नाही, मोडूनही दाखवेल.

साहेबांचे डोळे चष्म्यामागं चमकले. त्यांनी पेटी उघडली, पुस्तक चाळलं आणि बोट ठेवलं.

“एक लाख सात,” ते म्हणाले. “सारख्या ढिगांत मोडतो की नाही आणि मोडत असला तर किती ढिगांत, हे दिवाळीआधी मला वाडीनं सांगायचं. तुम्ही नाही, मास्तर. वाडीनं. बरोबर सांगितलं तर शाळा राहू द्या म्हणून लिहितो.”

मी हो म्हणालो. त्या वयात मला कुणी विचारलं असतं की काळी नदी उलटी वाहायला लावशील का, तरी मी दिवस कुठला ते विचारलं असतं.

आता आकडा मोडतो म्हणजे काय, हे मी वाडीला जसं सांगितलं तसंच सांगतो. एकवीस दाणे घ्या. तीन ढिगांत सात-सात बसतात, खाली काही उरत नाही. एकवीस मोडला. तेवीस घ्या. दोन ढीग घाला, तीन घाला, पाच घाला, काहीतरी उरतंच. तेवीस मोडत नाही. शहाणे लोक त्याला मूळ संख्या म्हणतात. एक लाख सात मोडतो का हे बघायला प्रत्येक आकड्याचे ढीग घालायची गरज नाही. सहा ढिगांत जो मोडेल तो आधी दोनांत मोडेलच, म्हणून न मोडणाऱ्या आकड्यांचेच ढीग घालायचे. शिवाय तीनशे सतराला तीनशे सतरानं गुणलं की लाख सात ओलांडून जातो. म्हणून मोडणार असेल तर त्याचा एक तरी तुकडा तीनशे सोळाच्या आत सापडलाच पाहिजे. असे तपासायचे आकडे निघाले पासष्ट. पहिले दहा, एकोणतीसपर्यंतचे, पोरांनी दोन दिवसांत पाढ्यांनी उडवले. विषम म्हणून दोन गेला. एक आणि सात आठ, म्हणून तीन गेला. शेवटी सात म्हणून पाच गेला. सातानं भागलं तर पाच उरले, अकरानं सहा, तेरानं अकरा उरले आणि त्या दिवशी म्हणे वाघही शेवटपर्यंत बसला. तिसाच्या पुढचा पाढा मात्र वाडीत कुणाला येत नव्हता. उरलेले पंचावन्न आकडे हातानंच मोडून बघायचे ठरले.

वाडीत घरं चौदा. तेरा घरांना चार-चार आकडे, चौदाव्या घराला तीन. चौदावं घर अक्काचं.

गावकरानं कणगीतून अडीच शेर तांदूळ काढले. अक्कानं ते पाच दिवस बसून मोजले. शंभर झाले की भिंतीवर चुन्याचं बोट. मोजून झालं तेव्हा भिंत देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसत होती. एक लाख सात दाणे मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून मडकं पहिल्या घरी गेलं. लावणी आटोपली होती, रानात पाऊल टाकायची सोय नव्हती, हातांना काम नव्हतं. घरातली सगळी माणसं मडक्याभोवती बसत आणि एकेका आकड्याचे ढीग घालत. एक दिवस एक आकडा. झालं की दाणे परत मडक्यात, मग पुढचा आकडा, मग पुढचं घर.

ते दिवस कुठले, हे मी सांगितलं नाही. आषाढ-श्रावण. कणग्या तळाला गेलेल्या. लोक कळकाचे कोंब आणि फणसाच्या आठळ्या खाऊन होते, रानातले कंद उकरून आणत होते. आणि अशा दिवसांत अडीच शेर पांढरे तांदूळ घरोघर फिरत होते. सबंध घर दिवसभर त्यांना हात लावत होतं, आणि एकानंही दाणा तोंडात टाकला नाही. एका घरात रांगतं मूल ढिगापर्यंत गेलं तर आजीनं त्याच्या तोंडात बोट घालून दाणा काढला, धुतला आणि परत एकेचाळिसाव्या ढिगात टाकला. मी हे हसत हसत सांगत आलोय आजवर. लोकही हसतात.

गावकराच्या वाट्याला एकतीस आला होता. तीन दिवसांनी मी सहज विचारायला गेलो. तो तंबाखू मळत म्हणाला, मोडत न्हाई. मी विचारलं, उरले किती? तो म्हणाला, एक. मी पाटीवर करून बघितलं. एकतीस ढीग, प्रत्येकात तीन हजार दोनशे सव्वीस, खाली एक. बरोबर. पण मला एक गोष्ट खटकली. ढीग घालून संपले तेव्हा गावकराच्या हातात काही उरलेलंच नव्हतं, असं त्याची बायको चुलीपाशी म्हणत होती. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. कुठलीही वाटणी घालायची, मग ती शिकारीची असो, मधाची असो की भाताची, आधी देवाचा वाटा बाजूला निघतो. तांदळाचे ढीग घालायचे तर आधी एक दाणा उचलून देवळीत दिव्यापाशी ठेवायचा, आणि मग उरलेल्यांची वाटणी. ढीग मोडून झाले की तो दाणा परत मडक्यात. ही रीत चौदाही घरांची होती. कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. श्वास घेतो हे कुणी येऊन सांगतं का?

म्हणजे वाडी एक लाख सात मोडतच नव्हती. एक लाख सहा मोडत होती.

मी गावकराला म्हणालो, अहो, तुमचे ढीग सारखे आले, काही उरलं नाही, मग तुम्ही मोडला असं का नाही म्हणालात?

“न्हाई कसं? देवाचा उरला की,” तो म्हणाला. “देवाचा दाणा उरतो, मंजे आकडा मोडत न्हाई.”

बघा म्हणजे. या हिशेबानं आमच्या वाडीत एकवीसही मोडत नव्हते. बारा नाहीत, नऊ नाहीत, चारसुद्धा नाहीत. देवाचा एक काढला की तो उरणारच, आणि उरला की मोडला नाही. कुठलाही आकडा आणा, लाखाचा आणा, कोटीचा आणा, आमच्या वाडीच्या वेशीत शिरला की तो अभेद्य. मी त्या दिवशी पोट धरून हसलो. मग हसणं आवरलं आणि विचार केला, की एकतीसचं उत्तर तर बरोबर आलंय. बाकीच्यांचीही येतील. उत्तर बरोबर असताना रीत चुकली हे सांगून गावकराच्या देवाशी भांडण कशाला ओढवा? पडवी त्याची. मला महिन्याला चार शेर तांदूळ द्यायचा तो. मी तंबाखूची चिमूट घेतली आणि उठलो.

त्या चिमटीची चव अजून तोंडात आहे.

भाद्रपदाच्या शेवटी मडकं अक्काकडे गेलं. एकोणनव्वद, सत्त्याण्णव आणि एकशे एक. तीनच आकडे. बाकी सगळ्या घरांचं उत्तर आलं होतं, मोडत न्हाई. आणि मडकं तिच्या घरात असतानाच सासू गेली. सुतक लागलं. सुतकाच्या घरातून मडकं आणायला कोण जाणार? आम्ही वाट बघत बसलो. तिकडे अक्काच्या दारात कुणी येत नव्हतं, तिला कुणी कामाला बोलावत नव्हतं, घरात पहिल्यांदाच दुसरं माणूस नव्हतं. ती बारा दिवस मडक्यापाशी बसली. आधी दाणे पुन्हा मोजले. इतक्या घरांतून फिरूनही पुरे एक लाख सात. मग एकोणनव्वद ढीग घातले, साठ उरले. एकशे एक घातले, सतरा उरले. सत्त्याण्णव घातले आणि हाताखालची जमीन रिकामी झाली. सुतकात देवाला काही काढत नाहीत. सबंध वाडीत तेवढ्या एका घरात तेवढे बारा दिवस देव वाटणीला बसला नव्हता. म्हणून तेवढ्या एका घरात आकडा मोडला.

तिनं ते ढीग परत मडक्यात ओतले नाहीत. सागाच्या पानांत सत्त्याण्णव पुड्या बांधल्या आणि सुतक फिटल्यावर डोकं धुऊन गावकराच्या खळ्यावर आली. आणि तिथं, सुरुवातीला सांगितलं तसं, गावकर ओरडत होता.

आता तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तर, तुम्ही सांगा. सुतकातला ढीग धरायचा काय?”

मी पाटीवर भागाकार मांडला. सत्त्याण्णव एके सत्त्याण्णव, खाली तीन, पुढचं शून्य. भाग जात नाही, शून्य. पुढचं शून्य घेतलं, तीनशे. सत्त्याण्णव त्रिक दोनशे एक्याण्णव, खाली नऊ. सात घेतला, सत्त्याण्णव. भाग एक, बाकी शून्य. एक हजार एकतीस. ती बाई शाळेच्या पायरीवर कधी चढली नव्हती आणि तिचं उत्तर माझ्या पाटीवर दाण्याला दाणा जुळून उभं होतं.

माझ्याकडे चौदा घरं बघत होती. त्यातली तेरा मान खाली घालून, कारण अक्का खरी ठरली तर त्यांचे सबंध पावसाळ्याचे ढीग खोटे, आणि ढीग खोटे तर दिव्यापाशी ठेवलेला दाणा काय म्हणायचा? गावकर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्यामागं पडवी होती. मी हिशेब केला. सगळ्यांत जलद हिशेब मी तेव्हाच केला. आत्ता गावकराचं म्हणणं राखायचं, आणि साहेब आले की वाटेतच गाठून कानात सत्त्याण्णव सांगायचं. शाळा वाचेल, पडवीही वाचेल. असा शहाणपणा मला पाढ्यांच्या खालोखाल येत असे.

मी तळहातानं पाटी पुसली.

“गावकरांचं बरोबर आहे,” मी म्हणालो. “सुतकातलं धरता येत नाही.”

अक्कानं माझ्या पाटीकडे बघितलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पुसलेली पाटी ओळखायला अक्षर लागत नाही. गावकर म्हणाला, की ते तांदूळ आता त्याच्या कणगीत येणार नाहीत, तिचे तिनं ठेवावेत. तिनं टोपली उचलली आणि गेली.

पाचव्या दिवशी साहेब आले. मी पहाटेच निघून ओढ्यापाशी जाऊन बसलो होतो. पाण्यात उभा राहूनच मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, साहेब, सत्त्याण्णव. त्यांनी हात वर केला. म्हणाले, तुमच्या तोंडून नको, वाडीच्या तोंडून ऐकतो, तसंच ठरलं होतं. तसंच ठरलं होतं खरं. इतकी धूर्त युक्ती आणि ती घोटाभर पाण्यात वाहून गेली.

खळ्यात सगळी वाडी जमली. पोरांनी तोंडं धुतली होती. अक्का पार मागं, कुंपणाला टेकून. साहेबांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि विचारलं. गावकर पुढं झाला.

“मोडत न्हाई, साहेब. देवाचा दाणा उरतो.”

देवाचा दाणा म्हणजे काय हे साहेबांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, कुणाला काही वेगळं सांगायचं आहे का? मी अक्काकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, अक्का, तू सांग. तीन शब्द. माझ्या घशातून एकेकाळी अणशीपर्यंत आवाज जात असे, निदान मी तसं सांगत असे. ते तीन शब्द ओठांपर्यंतही आले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी पडवीच्या छपराकडे बघायला लागलो.

साहेबांनी पुस्तक उघडून वाचून दाखवलं. सत्त्याण्णव ढीग, प्रत्येकात एक हजार एकतीस. खळ्यातल्या सगळ्या माना एकदम कुंपणाकडे वळल्या. गावकराचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून, मी ऐकलं त्यात पहिल्यांदाच, काही आवाज आला नाही. अक्का तेवढ्यात वळून घराकडे चालू लागली होती.

साहेब कागदावर लिहायला लागले तेव्हा कुठं मला कंठ फुटला. मी सांगितलं, की साहेब, हे उत्तर या वाडीतल्या बाईला पाच दिवसांपूर्वीच मिळालं होतं, तिनं पुड्या बांधून आणल्या होत्या, आम्हीच तिला परत पाठवलं. साहेबांनी लेखणी थांबवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, आता मी वाचून दाखवल्यावर कुणीही सांगेल. पण उद्या सकाळपर्यंत मी शेजारच्या कुंभारवाडा गावी मुक्कामाला आहे, त्या पुड्या तिथं घेऊन या. मी त्यातल्या चार उघडून मोजतो. चारांत एक हजार एकतीस भरले तर हा कागद फाडतो.

नुसते दाणे मोजायलाच अक्काला पाच दिवस लागले होते. नव्यानं काही करायला वेळ नव्हता. पण पुड्या तयार होत्या. सत्त्याण्णव, बांधलेल्या.

त्या कागदाचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. दिवाळीनंतर महिन्यानं हुकूम आला. अकरा पोरांच्या जागी गावकराची आणखी तीन गुरं आली आणि मधला आडवा बांबू निघाला. मी खानापूरला परतलो आणि चुलत्याच्या पेढीवर पोती उचलायला लागलो. वाघ नंतर बरेच दिवस कुंपणाशी येऊन बसत असे म्हणतात. हे मी स्वतः उठवलेलं आहे. मला ते खरं असायला हवं होतं.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी धावत सुटलो. आयुष्यात मी खूप धावलो असं सांगितलंय, रानडुकरापुढं, रेड्यापुढं, एकदा तर सासऱ्यापुढं. पण खरा धावलो तो तेवढाच. वाडीच्या टोकाला पोचलो तेव्हा अक्का दारात बसून सूप झाडत होती. आत चूल विझलेली होती. चुन्याच्या बोटांची भिंत तशीच होती. मी दम खात खात सगळं सांगितलं, साहेब थांबलेत, कागद फाडतो म्हणालेत, चारच पुड्या उघडणार आहेत. मी चुकलो हेही सांगितलं, आणि ते फुगवायची गरज पडली नाही. मग हात पुढं केला आणि म्हणालो, अक्का, पुड्या दे.

तिनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

“काल सोडल्या, मास्तर,” ती म्हणाली. “भात केला.”